वाचनालयाची किल्ली कोणाच्या हाती?

सीमाभागातील मराठी गावांत देऊळ, तालीम आणि वाचनालय या वास्तू बहुधा लोकवर्गणीतून उभ्या राहिल्या. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचे. त्यानंतरच्या काळात खेड्यापाड्यांतून जी लहानमोठी वाचनालये निघाली, ती शिक्षक, पोस्टमन, गिरणीतून सुट्टीवर आलेले तरुण अशा माणसांनी पदरमोड करून चालवली. आता या वाचनालयांच्या दारात संगणक आला आहे. कोणी माजी विद्यार्थी जुना संगणक भेट देतो, कोणी देणगी देतो, आणि समितीच्या बैठकीत प्रश्न निघतो, "सॉफ्टवेअर कोणते घ्यायचे?"

हा प्रश्न आमच्या समितीपुढेही आला. चर्चा सुरू झाली ती किमतीवरून. पण जसजसे खोलात गेलो तसतसे ध्यानात आले की किंमत हा या प्रश्नाचा फार लहान भाग आहे. खरा प्रश्न परवान्याचा आहे. आपल्या ग्रंथांच्या नोंदी, आपली लिपी, आपल्या सभासदांची नावे ज्या पेटीत ठेवायची, त्या पेटीची किल्ली कोणाकडे राहणार, हा तो प्रश्न होय. शाळा, पतसंस्था, महिला मंडळे, दूध संस्था या साऱ्यांपुढे तो आज ना उद्या येणार आहे, म्हणून त्याची थोडी सविस्तर मांडणी येथे करीत आहोत.

विकत घेतो म्हणजे काय घेतो?

आपण पुस्तक विकत घेतो तेव्हा ती प्रत आपली होते. ती शेजाऱ्याला वाचायला देता येते, शाळेला भेट देता येते. सॉफ्टवेअरचे तसे नाही. दुकानातून 'विकत' आणलेले सॉफ्टवेअर बहुतेक वेळा आपल्या मालकीचे होतच नाही. आपल्याला मिळतो तो वापरण्याचा परवाना. किती संगणकांवर वापरायचे, किती वर्षे वापरायचे, दुसऱ्याला द्यायचे की नाही, हे सारे त्या परवान्यात लिहिलेले असते. तो परवाना न वाचताच आपण 'मान्य आहे' हे बटण दाबतो.

दुसरी गोष्ट अशी की सॉफ्टवेअर लिहिणारा माणूस आधी एक मूळ संहिता लिहितो. ती माणसाला वाचता येते. तिचे यंत्राला कळेल असे रूपांतर करून ते आपल्याला दिले जाते. व्यावसायिक सॉफ्टवेअरमध्ये सहसा हे रूपांतर मिळते, मूळ संहिता मिळत नाही. म्हणजे तयार भाकरी मिळते, पण पिठाचा आणि तव्याचा पत्ता मिळत नाही. मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमध्ये मूळ संहिता वाचण्याचा, बदलण्याचा आणि बदललेली प्रत दुसऱ्याला देण्याचा हक्क परवान्यानेच दिलेला असतो.

शेतकरी वाचकांना बियाण्याचा दाखला पुरेसा आहे. घरच्या भाताचे बी कणगीत राखता येते, पाहुण्याला पायलीभर देता येते. संकरित बियाणे जोमदार येते, पण दर हंगामाला दुकानाची पायरी चढावी लागते. दोन्हींचे आपापले स्थान आहे. मात्र पेरण्यापूर्वी आपण कोणते बी घेतले आहे हे ठाऊक असलेले बरे.

जुन्या टंकांचा धडा

मराठी माणसाला हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. त्याची किंमत आपण आधीच मोजलेली आहे.

१९९० च्या दशकात मराठी छपाई संगणकावर आली. पुण्यातील सी-डॅक या सरकारी संस्थेने भारतीय लिप्यांसाठी मोठे काम केले, तसेच श्रीलिपीसारखी व्यावसायिक पॅकेजेसही आली आणि गावोगावचे छापखाने त्यांवर उभे राहिले. हे ऋण मान्य केलेच पाहिजे. पण त्या काळच्या बहुतेक टंकांत एक अडचण होती. पडद्यावर 'क' दिसत असला तरी संगणकाच्या पोटात रोमन अक्षराचा किंवा एखाद्या चिन्हाचा क्रमांक साठवलेला असे. प्रत्येक पॅकेजचा क्रम वेगळा. तो टंक संगणकावर नसेल तर मराठी मजकुराच्या जागी निव्वळ चिन्हांची रांगोळी दिसे. शेजारच्या कन्नड भाषिकांनाही याच वाटेने जावे लागले.

आमच्या वाचनालयाची ग्रंथयादी त्या काळात अशाच एका पॅकेजवर टंकलिखित झाली. ते पॅकेज संगणकाला जोडायच्या एका कुलूपवजा खुंटीशिवाय चालत नसे. पुढे खुंटी निकामी झाली, विक्रेत्याने धंदा बदलला आणि नव्या संगणकावर ते पॅकेज बसेना. यादी चकतीवर शाबूत आहे, पण वाचता येत नाही. शेवटी दाखलनोंदवहीच्या पिवळ्या पडलेल्या पानांवरूनच पुन्हा नोंदी करण्याची वेळ आली. कागदाची वही साठ वर्षे टिकली आणि संगणकाची यादी पंधरा वर्षांत मुकी झाली.

यावर उतारा निघाला तो युनिकोडचा. १९९१ साली या प्रमाणकाची पहिली आवृत्ती निघाली. त्यात जगातील लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा कायम क्रमांक दिलेला आहे. आपल्या 'क' चा क्रमांक ०९१५ आहे आणि तो कोणत्याही कंपनीच्या संगणकावर तोच राहतो. मराठीची एक खास गरज 'ॲ' या अक्षराची होती. ते स्वतंत्र अक्षर म्हणून युनिकोडमध्ये २००८ साली दाखल झाले. यातून आम्ही घेतलेला पहिला धडा असा की सॉफ्टवेअर मुक्त असो वा विकतचे, नोंदी खुल्या प्रमाणकातच हव्यात. नोंद बाहेर काढता आली नाही, तर 'अडला हरी' कोणाचे पाय धरतो हे सांगायला नको.

न्यूझीलंडच्या एका ग्रंथालयाची गोष्ट

वाचनालयांच्या बाबतीत या विषयातील सर्वांत बोलके उदाहरण न्यूझीलंडचे आहे. तेथे होरोव्हेनुआ नावाच्या भागात एका ट्रस्टची ग्रंथालये आहेत. भाग लहान, पैसा बेताचा. १९९० च्या दशकाच्या अखेरीस त्यांच्यापुढे संकट आले. देवघेवीचे त्यांचे सॉफ्टवेअर जुने होते आणि २००० साल उजाडताच ते तारखा ओळखणार नव्हते. बाजारातील नवी सॉफ्टवेअरे महाग होती.

त्या ग्रंथालयाने कॅटिपो नावाच्या एका स्थानिक कंपनीला पैसे देऊन नवे सॉफ्टवेअर लिहून घेतले आणि जानेवारी २००० मध्ये ते सुरू झाले. पुढे त्यांनी जे केले ते महत्त्वाचे. ते सॉफ्टवेअर त्यांनी विकायला काढले नाही, तर जीपीएल या मुक्त परवान्याखाली जगाला देऊन टाकले. नाव ठेवले 'कोहा'. माओरी भाषेत त्याचा अर्थ भेट, आहेर. आणि आपल्याकडे जसा आहेराला प्रतिआहेर असतो, तशीच परतफेडीची भावना त्या शब्दात आहे.

यात भाबडेपणा नव्हता, व्यवहार होता. एकट्या ग्रंथालयाला ते सॉफ्टवेअर आयुष्यभर सांभाळणे परवडले नसते. मुक्त केल्यावर इतर देशांतील ग्रंथालयांनी ते वापरले, दुरुस्त केले, आपापल्या भाषांत नेले, आणि सुधारणा पुन्हा मूळ ग्रंथालयालाही मिळाल्या. आज भारतातही अनेक महाविद्यालये आणि ग्रंथालये कोहा वापरतात.

मात्र या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. मूळ संहिता मुक्त असली तरी 'कोहा' या नावाचा प्रश्न वेगळा निघाला. २०११ साली त्या नावाच्या व्यापारचिन्हावरून एका अमेरिकन कंपनीशी त्या ग्रंथालयाचा वाद जाहीर झाला आणि हरकतीच्या खर्चासाठी लोकांकडे मदत मागावी लागली. मुक्त म्हणजे बेवारस नव्हे, त्याचीही राखण करावी लागते, एवढा बोध त्यातून घ्यावा.

फुकट वेगळे, मुक्त वेगळे

येथे एक मोठा गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. फुकट मिळणारे प्रत्येक सॉफ्टवेअर मुक्त नसते. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे 'ई-ग्रंथालय' हे सॉफ्टवेअर सरकारी ग्रंथालयांना विनामूल्य दिले जाते. ते उपयुक्त आहे, पण त्याची मूळ संहिता सर्वांना बदलून वाटण्यासाठी खुली नाही. उलट हैदराबादेत तयार झालेले 'न्यूजेनलिब' हे सॉफ्टवेअर आधी व्यावसायिक म्हणून विकले जात असे आणि २००८ साली ते जीपीएल परवान्याखाली मुक्त करण्यात आले. पाणपोईचे पाणी फुकट असते, पण पाणपोई कधी बंद करायची हे मालक ठरवतो. गावच्या विहिरीवर मात्र हक्क असतो. फरक तेवढाच, पण मोठा.

या चळवळीचा पाया अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली घातला. १९८९ साली जीपीएल परवान्याची पहिली आवृत्ती आली. फिनलंडमध्ये शिकणाऱ्या लिनस टोरवाल्डस या विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्सची सुरुवात केली. 'ओपन सोर्स' हे नाव १९९८ सालचे. आपल्या खिशातल्या अँड्रॉइड मोबाईलच्या गाभ्यात लिनक्सच आहे. म्हणजे आपण म्हणतो 'हे आपल्याला जमणार नाही', आणि ते तर केव्हाचेच आपल्या हातात आहे.

मुक्त परवान्यांतही दोन घराणी आहेत. जीपीएलचे म्हणणे असे: घ्या, बदला, वाटा, पण बदललेले वाटायचे असेल तर त्याची मूळ संहिताही याच अटीवर द्या. एमआयटी, बीएसडी, अपाची हे परवाने अधिक सैल आहेत. ते म्हणतात: घ्या आणि हवे तर तुमच्या विकतच्या मालातही घाला, फक्त मूळ लेखकाची नोंद आणि परवाना सोबत ठेवा.

विकतच्या बाजूनेही बोलले पाहिजे

आम्ही विकतच्या सॉफ्टवेअरचे शत्रू नाही. माणसाने बुद्धी खर्चून केलेल्या कामाचे मोल घेण्यात गैर काही नाही. व्यावसायिक सॉफ्टवेअर घेतले की बसवून देणारा माणूस येतो, शिकवतो, बिघडले तर फोन उचलतो. वार्षिक देखभाल करार असला की जबाबदारी कोणाची हे स्पष्ट असते. पतसंस्थेच्या हिशेबासारख्या कामात, जेथे कर आणि कायदे दरवर्षी बदलतात, तेथे हा भरवसा मोलाचा असतो. रंगीत स्मरणिका वेळेत छापून हवी असेल तर मुद्रकाच्या हातात बसलेले व्यावसायिक पॅकेजच पुष्कळदा सोयीचे पडते.

मुक्तस्रोताचा खर्च वेगळ्या खात्यात पडतो. सॉफ्टवेअरला पैसे नाहीत, पण ते बसवणारा, रोज नोंदींची दुसरी प्रत काढणारा, नव्या ग्रंथपालाला शिकवणारा माणूस लागतो. गावची विहीर सर्वांची असते आणि गाळ काढायला कोणीच पुढे येत नाही, हे आपण पाहतोच. जगातही तसेच घडले. २०१४ साली 'हार्टब्लीड' नावाचा दोष उघडकीस आला. जगातील असंख्य संकेतस्थळांची सुरक्षा ज्या 'ओपनएसएसएल' या मुक्त सॉफ्टवेअरवर होती, त्यात तो दोन वर्षे दडून बसला होता. ते सांभाळणारी माणसे मोजकी आणि निधी तुटपुंजा होता, हे त्यानंतरच सर्वांना कळले. पाणी सारे जग पीत होते, गाळ मात्र चारदोघे काढत होते.

उलट व्यावसायिक मालाची मुदत मालक ठरवतो. विंडोज १० ची नेहमीची मोफत देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. नवी विंडोज ११ अनेक जुन्या संगणकांवर बसत नाही. शाळांत देणगीदाखल आलेले संगणक बहुतेक जुनेच असतात. असा संगणक भंगारात घालण्यापेक्षा त्यावर लिनक्स बसवून तो आणखी काही वर्षे चालवता येतो.

तिसरा रस्ता, जो रस्ता नव्हे

मुक्त की विकत या वादात तिसरा पर्याय गुपचूप वापरला जातो, तो म्हणजे चोरीची प्रत. 'सगळेच वापरतात' हे त्याचे समर्थन. शिक्षक म्हणून आम्हाला हे उघडपणे सांगावेसे वाटते की भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ६३-ब आहे. संगणक प्रोग्रामची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यास सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपयांपर्यंत दंड अशी तरतूद त्यात आहे. वापर नफ्यासाठी वा धंद्यासाठी नसेल तर न्यायालय कैद टाळून पन्नास हजारांपर्यंत दंडच करू शकते. पण संस्थेचे नाव गेले ते परत येत नाही. ज्या वर्गात आपण नीतिपाठ शिकवतो, त्याच वर्गातील संगणकावर चोरीचा माल असणे शोभत नाही.

अक्षरांचेही परवाने असतात

भाषेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे. टंकालाही परवाना असतो. विकतचा टंक आपल्या संकेतस्थळावर वा मुलांच्या संगणकांवर टाकायचा तर वेगळी परवानगी लागू शकते. मुक्त टंकांसाठी 'ओपन फाँट लायसन्स' हा परवाना प्रचलित आहे. त्याखालील टंक कोणीही वापरावा, छापावा, सुधारावा. फक्त तो टंक एकटाच विकायचा नाही आणि सुधारलेला टंक त्याच परवान्याखाली ठेवायचा. मुंबईच्या एक टाइप या गटाचे 'मुक्त' आणि 'बलू' हे टंक, तसेच गूगलचा 'नोटो' याच परवान्याखाली आहेत.

हे का महत्त्वाचे? मराठीचे 'ल' आणि 'श' हिंदीहून वेगळ्या वळणाने लिहिले जातात. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांत अर्थाचा फरक आहे आणि तो फरक दाखवणारा आडवा रफार मराठीला हवाच. केवळ मोठ्या बाजारपेठेकडे पाहणाऱ्याला या गोष्टी किरकोळ वाटू शकतात. मुक्त परवाना असला की आपली गरज आपण भागवू शकतो. रेड हॅट कंपनीने २००४ साली 'लोहित' टंक मुक्त केले. त्यांत हिंदीसाठी वेगळा, मराठीसाठी वेगळा आणि कोकणीसाठीही वेगळा टंक निघाला. केरळात 'स्वतंत्र मलयालम कंप्युटिंग' या स्वयंसेवकांच्या गटाने २००२ पासून आपल्या लिपीचे टंक आणि साधने सांभाळली आहेत, आणि तेथील शाळांचे संगणक शिक्षणही टप्प्याटप्प्याने मुक्त सॉफ्टवेअरवर नेण्यात आले. ज्यांनी लिपीची साधने हाती ठेवली, त्यांची लिपी कोणाच्या मर्जीवर राहिली नाही.

सैल परवान्याचाही येथे फायदा झाला, हे नमूद केले पाहिजे. आपल्या मोबाईलवर जोडाक्षरे नीट जुळतात त्यामागे 'हार्फबझ' नावाचे मुक्त सॉफ्टवेअर आहे. त्याचा परवाना सैल असल्याने अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स आणि लिबरऑफिस अशा सर्वांनी ते आत घेतले. एकाने लिहिले आणि 'ज्ञानेश्वर' हा शब्द कोट्यवधी पडद्यांवर शुद्ध उमटला.

आपली मुले सॉफ्टवेअर लिहितात तेव्हा

आपल्या गावांतील मुले आज पुण्यात, बंगळुरात सॉफ्टवेअर लिहितात. उद्या त्यांच्यापैकी कोणी मराठी शुद्धलेखन तपासणारे वा दूध संस्थेचे हिशेब ठेवणारे काही लिहिले, तर परवाना कोणता द्यावा? आमचे उत्तर असे. सर्वत्र पसरावे हा हेतू असेल, तर सैल परवाना. कोणी आयत्या बिळावर नागोबा होऊ नये असे वाटत असेल, तर जीपीएल. पोट त्यावरच भरायचे असेल, तर व्यावसायिक परवाना, आणि त्यात कमीपणा नाही.

मधला मार्गही आहे. मायएसक्यूएल या सॉफ्टवेअरने दुहेरी परवाना ठेवला. जीपीएल पाळणाऱ्याला मोकळे, आपली संहिता झाकून ठेवू इच्छिणाऱ्या कंपन्यांना विकत. पुढे २००८ साली सन कंपनीने ते घेतले आणि २०१० मध्ये सनसह ते ओरॅकलकडे गेले. वापरणाऱ्यांत धास्ती पसरली, पण परवाना मुक्त असल्याने मूळ कर्त्यांपैकीच एकाने २००९ मध्ये 'मारियाडीबी' ही वेगळी शाखा काढली होती. २०१० साली ओपनऑफिसमधून लिबरऑफिस निघाले तेही असेच. मालक बदलला तरी घर सोडावे लागले नाही, हा मुक्त परवान्याचा सर्वांत मोठा गुण होय.

समितीने विचारावेत असे प्रश्न

कोणत्याही संस्थेने ठराव करण्यापूर्वी विक्रेत्याला किंवा सुचवणाऱ्याला पुढील गोष्टी लेखी विचाराव्यात. नोंदी युनिकोडमध्ये साठतात काय? त्या सगळ्या खुल्या स्वरूपात, ग्रंथालयासाठी 'मार्क २१' सारख्या प्रमाणकात, बाहेर काढता येतात काय? करार संपला तर नोंदी वाचता येतील काय? मराठी, कन्नड आणि इंग्रजी तिन्ही लिप्यांत शोध घेता येतो काय? बिघाड झाल्यास येणारा माणूस कोण आणि किती दिवसांत येणार? पाच वर्षांचा एकूण खर्च किती?

आमच्या समितीने या प्रश्नांना धरून जो ठराव केला तो साधा आहे. पहिल्या टप्प्यात दाखलनोंदवहीतील सर्व नोंदी लिबरऑफिसच्या तक्त्यात, युनिकोड मराठीत उतरवायच्या. काही हजार पुस्तकांच्या वाचनालयाला सुरुवातीस याहून मोठ्या यंत्रणेची गरज नाही. दोन तरुण सभासद तयार झाले की कोहाकडे जायचे, आणि बसवण्यासाठी जाणकार माणसाला रीतसर मेहनताना द्यायचा. स्मरणिकेची छपाई मात्र मुद्रकाच्या परवानाधारक पॅकेजवरच राहील. दर महिन्याला नोंदींची एक प्रत वाचनालयाबाहेर ठेवायची आणि दर वर्षी सर्वसाधारण सभेत ती उघडून दाखवायची.

दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिण्याची सवय लागली की आपली ओंजळ आहे याचाच विसर पडतो. विकत घ्यायचे ते डोळे उघडे ठेवून घ्यावे, मुक्त घ्यायचे ते जबाबदारीसह घ्यावे. ज्यांच्या गावी वाचनालय आहे त्यांनी या महिन्यातच एक काम करावे. आपली दाखलनोंदवही काढावी, पहिली शंभर पुस्तके युनिकोडमध्ये उतरवावीत आणि ती यादी दुसऱ्या कोणाच्याही संगणकावर उघडते का हे तपासावे. उघडली तर किल्ली तुमच्याकडे आहे असे खुशाल समजावे.